इमेज बिल्ड करताना डिपेंडन्सी कुठे, कधी आणि कशा बसवायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. जँगो या पायथन फ्रेमवर्कचं अ‍ॅप, डेटाबेस पोस्टग्रेस. डॉकरफाइलमध्ये (इमेज, म्हणजे सगळ्या गरजेच्या गोष्टींसकट बांधलेलं अ‍ॅपचं गाठोडं, कशी बनवायची त्या सूचनांच्या फाइलमध्ये) आधी सगळा कोड कॉपी होतो, मग पिप इन्स्टॉल चालतं, म्हणजे डिपेंडन्सी, अ‍ॅपला लागणारी बाहेरची पॅकेज, बसतात. टेम्प्लेटमधला एक शब्द बदलला तरी बिल्डला सात-आठ मिनिटं जातात. इमेज दीड जीबीच्या वर गेली आहे. कशालाही हात लावला नव्हता, तरी तीच डॉकरफाइल एके दिवशी सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) फेल झाली. आता बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज उभी राहते ती) म्हणून अल्पाइन हे छोटं लिनक्स घ्यावं का?

अल्पाइनचं पुढे बघू, आधी या तिन्ही तक्रारींचं मूळ बघू, कारण ते एकच आहे: लेयर, म्हणजे डॉकरफाइलच्या एकेका ओळीने इमेजवर चढवलेला थर. रन ओळ (बिल्डच्या वेळी कमांड चालवणारी) आली की डॉकर तिचा मजकूर बघतो. ती ओळ आज चालवली तर काय मिळेल, हे तो बघत नाही. मजकूर तोच असेल आणि वरचे लेयर तेच असतील, तर जुना निकाल उचलून पुढे जातो, म्हणजे कॅश लागतो. कॉपी ओळीचा नियम वेगळा आहे. तिथे प्रत्येक फाइलच्या मजकुराचा चेकसम (मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढला जातो. फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ धरली जात नाही, पण परवानग्या धरल्या जातात. म्हणून दोन मशीनवर युमास्क (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) वेगळा असेल तर मजकूर सारखा असूनही कॅश लागत नाही. आणि एका लेयरचा कॅश चुकला की त्याच्या खालचे सगळे लेयर नव्याने बनतात, मग त्यांचा त्या बदलाशी संबंध असो वा नसो.

यावरून पहिली दुरुस्ती सरळ निघते. वर्कडिर (कामाचं फोल्डर) ठरवल्यावर फक्त रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजची यादी) कॉपी करा, लगेच खाली पिप इन्स्टॉलची रन ओळ, आणि बाकीचा कोड त्यानंतर. आता टेम्प्लेट बदललं तर शेवटची कॉपी ओळ तेवढी नव्याने चालेल आणि बिल्ड काही सेकंदांत संपेल. पिपऐवजी पोएट्री वापरत असाल तर पायप्रोजेक्ट (प्रोजेक्टची माहिती) आणि लॉक (पक्क्या आवृत्त्यांची यादी) या दोन्ही फायली आधी कॉपी करून इन्स्टॉल नो-रूट पर्यायाने चालवा, म्हणजे तुमचं स्वतःचं पॅकेज त्या पायरीत बसवलं जात नाही. यूव्ही या तशाच दुसऱ्या टूलमध्ये हेच काम सिंकला नो-इन्स्टॉल-प्रोजेक्ट देऊन होतं. एक बारीक अडचण लक्षात ठेवा: पायप्रोजेक्ट फाइलमध्ये व्हर्जन नंबर असतो आणि तो प्रत्येक रिलीजला वाढतो, म्हणजे दर रिलीजला डिपेंडन्सीचा लेयर पुन्हा बनतो. हे खटकत असेल तर लॉक फाइलमधून रिक्वायरमेंट्स एक्सपोर्ट करून तेवढीच फाइल आधी कॉपी करा.

ओळींचा क्रम सुधारूनही कॅश लागत नसेल तर दोन ठिकाणी बघा. पहिलं, एआरजी, म्हणजे बिल्डला बाहेरून मूल्य देणारी ओळ. कमिट हॅश किंवा बिल्ड नंबर एआरजीने घेत असाल आणि ती ओळ वर लिहिली असेल, तर तिच्या खालच्या पहिल्याच रन ओळीपासून कॅश तुटतो, मग त्या रनमध्ये तो नंबर वापरलेला नसला तरी. असे एआरजी फाइलच्या तळाशी न्या. दुसरं, डॉकरइग्नोर फाइल, म्हणजे इमेजमध्ये काय जाऊ द्यायचं नाही त्याची यादी. गिटचं फोल्डर, तुमच्या लॅपटॉपवरचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टची पायथन पॅकेज ठेवायचं वेगळं फोल्डर), पायकॅश, लॉग, मीडिया आणि एन्व्ह फाइल (पासवर्डसारख्या सेटिंगची) या सगळ्यांची नावं त्यात हवीत. एन्व्ह फाइलचं नाव राहून गेलं तर डेटाबेसचा पासवर्ड इमेजमध्ये जातो, आणि इमेज रजिस्ट्रीवर (इमेज ठेवायच्या सर्व्हरवर) पुश झाली की तो किती जणांपर्यंत पोचला हे सांगता येत नाही.

आता याच नियमाची दुसरी बाजू, जिच्यामुळे तुमचं बिल्ड हात न लावता मोडलं. अ‍ॅप्ट-गेट अपडेट (अ‍ॅप्ट हे डेबियन लिनक्सचं पॅकेज बसवणारं टूल) एका रन ओळीत आणि अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉल दुसऱ्या ओळीत लिहिलं असेल, तर पहिली ओळ महिनोन्‌महिने कॅशमधून येत राहते. तिच्यात पॅकेजची जुनी यादी आहे. तुम्ही दुसऱ्या ओळीत एक नवं पॅकेज जोडता, अ‍ॅप्ट जुन्या यादीतला पत्ता घेऊन सर्व्हरकडे जातो, ती आवृत्ती तिथून कधीच काढलेली असते, आणि ४०४ नॉट फाउंड येतं. उपाय एकच: अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रन ओळीत, दोन अँड चिन्हांनी जोडून. सोबत वाय पर्याय, नाहीतर होय-नाही विचारत बिल्ड अडकतं. नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स द्या, कारण डेबियन शिफारस केलेली पॅकेजही आपणहून ओढतं आणि सर्व्हरच्या इमेजमध्ये त्यांचं काही काम नसतं. टाइमझोनचं पॅकेज खंड निवडायला सांगून थांबत असेल तर डेबियन फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह करा, पण त्या एका रन ओळीपुरतं किंवा एआरजीने. ईएनव्हीने लिहिलं तर ते चालत्या कंटेनरमध्येही राहतं.

बेस इमेजचा टॅग हेही असंच सरकणारं नाव आहे. पायथन ३.१२ स्लिम (पायथनच्या इमेजची लहान केलेली आवृत्ती) एवढंच लिहिलं तर खाली कोणतं डेबियन आहे ते तुम्ही ठरवलेलंच नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी आलं आणि हा टॅग बुकवर्मवरून (डेबियन १२) ट्रिक्सीवर सरकला. काही पॅकेजच्या नावातच आवृत्ती असते. बुकवर्ममधलं लिबआयसीयू७२ ट्रिक्सीमध्ये नाही, तिथे लिबआयसीयू७६ आहे. ते नाव डॉकरफाइलमध्ये लिहिलेलं असेल तर बिल्ड त्या दिवशी मोडणारच. सीआयवर मशीन दरवेळी कोरं असतं, म्हणून ते तिथे आधी दिसतं. तुमच्या लॅपटॉपवर जुनी बेस इमेज पडलेली असते आणि सगळं ठीक चालल्यासारखं वाटतं. टॅगमध्ये बुकवर्म किंवा ट्रिक्सी हे नाव स्पष्ट लिहा. त्याहून पक्कं हवं असेल तर शा२५६ डायजेस्ट (त्या नेमक्या इमेजची न बदलणारी ओळख) लिहा आणि ते ठरावीक काळाने बदलण्याची जबाबदारी कुणावर तरी टाका.

रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नुसतं जँगो लिहिलं असेल तर तीच गोष्ट तिथेही होते. ओळ तीच, पण आज बसणारी आवृत्ती वेगळी. जँगोची आवृत्ती पक्की केली, तरी तिच्या पोटातल्या पॅकेजच्या आवृत्त्या मोकळ्याच राहतात. म्हणून हाताने लिहायची यादी एका डॉट-इन फाइलमध्ये ठेवा आणि पिप-टूल्समधल्या पिप-कंपाइलने पूर्ण यादी बनवून ती गिटमध्ये टाका. जनरेट-हॅशेस पर्याय दिला तर प्रत्येक आवृत्तीपुढे हॅश येतो, आणि बिल्डमध्ये पिपला रिक्वायर-हॅशेस सांगता येतं. मग मात्र यादीतल्या प्रत्येक पॅकेजला आवृत्ती आणि हॅश दोन्ही लागतात, एकही सुटलं तर इन्स्टॉल थांबतं. ही शिस्त सुरुवातीला जाचते, पण प्रॉडक्शनमध्ये नेमकं काय चाललंय याचं उत्तर त्यानंतर एका फाइलमध्ये मिळतं. गिटवरून थेट बसवायचं पॅकेज असेल तर ब्रँचचं नाव देऊ नका, कमिट हॅश द्या. मेन ब्रँचवर शंभर कमिट नवे आले तरी रन ओळ तीच राहते आणि डॉकर जुनाच लेयर देत राहतो. हा बग शोधायला फार वेळ जातो, कारण कोड बघावा तर बरोबर दिसतो.

आता इमेजचा आकार. पायथनची पूर्ण इमेज सुमारे १ जीबीची, स्लिम दीडशे एमबीच्या आसपास. तुमची बेस कोणती आहे ते आधी बघा. त्यानंतर डॉकर हिस्टरी चालवा, प्रत्येक ओळीपुढे तिच्या लेयरचा आकार दिसतो आणि चरबी कुठे आहे ते लगेच कळतं. बहुतेक वेळा तीन ठिकाणं सापडतात.

एक, वेगळ्या ओळीत केलेली सफाई. एका रनमध्ये पॅकेज बसवलं आणि पुढच्या रनमध्ये व्हार-लिब-अ‍ॅप्टखालची लिस्ट्स फोल्डर पुसली, तर इमेज एक बाइटही कमी होत नाही. खालच्या लेयरमध्ये त्या फायली आहेतच, वरचा लेयर त्या झाकतो एवढंच. पुसायचं ते त्याच रन ओळीत पुसा. अ‍ॅप्टने डाउनलोड केलेल्या डेब फायलींची काळजी नको, डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये त्या आपोआप काढायची सोय आहे.

दोन, चौन, म्हणजे फायलींचा मालक बदलणारी कमांड. सगळं रूट म्हणून बसवायचं आणि शेवटी पूर्ण फोल्डरवर चौन-आर चालवायचं, अशा डॉकरफाइल खूप दिसतात. मालक बदलला की प्रत्येक फाइल नव्या लेयरमध्ये पुन्हा लिहिली जाते, म्हणजे चारशे एमबीचे आठशे होतात. कॉपी ओळीलाच चौन पर्याय द्या. खरं तर डिपेंडन्सी रूटच्या मालकीच्याच राहू द्याव्यात. अ‍ॅपच्या युजरला त्या वाचता आल्या की पुरे. लिहिता येऊ नयेत हेच चांगलं.

तीन, आणि सगळ्यात मोठं: कंपायलर. बिल्ड-इसेन्शियल बसवलं की दोनशे एमबीपेक्षा जास्त भर पडते आणि चालत्या अ‍ॅपला त्याचा काडीचा उपयोग नसतो. घर बांधून झालं की परांची उतरवतात, तसंच हे. त्यासाठी मल्टिस्टेज बिल्ड: एका स्टेजमध्ये कंपाइल करायचं आणि तयार झालेलं तेवढंच शेवटच्या स्टेजमध्ये न्यायचं.

तुमच्या अ‍ॅपसाठी ते असं बसेल. पहिल्या फ्रॉम ओळीत पायथन ३.१२ स्लिम बुकवर्म, नाव बिल्डर. त्यात जीसीसी, लिबसी६-डेव्ह आणि लिबपीक्यू-डेव्ह (लिबपीक्यू ही पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी) बसवा. लिबपीक्यू-डेव्ह विसरलात तर सायकोपीजी२ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारं पॅकेज) बसताना पीजी-कॉन्फिग सापडत नाही असा एरर येतो. पीजी-कॉन्फिग नावाचं पिप पॅकेज शोधू नका, तो प्रोग्राम याच डेव्ह पॅकेजमधून येतो. मग ऑप्ट फोल्डरखाली व्हीएन्व्ह नावाने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि ईएनव्ही ओळीने त्याचं बिन फोल्डर पाथच्या सुरुवातीला टाका. अ‍ॅक्टिव्हेट स्क्रिप्ट रन ओळीत चालवून काही होत नाही, प्रत्येक रन नव्या शेलमध्ये सुरू होते आणि आधीच्या शेलमधलं सगळं विसरते. मग रिक्वायरमेंट्स कॉपी आणि पिप इन्स्टॉल.

दुसरी फ्रॉम ओळ अगदी त्याच बेसची. तिच्यात अ‍ॅप्टने फक्त लिबपीक्यू५ बसवा, मग कॉपीला फ्रॉम बिल्डर सांगून ऑप्टखालचं व्हीएन्व्ह जसंच्या तसं त्याच पत्त्यावर आणा, पाथची ईएनव्ही ओळ इथेही पुन्हा लिहा, कोड कॉपी करा आणि शेवटी युजर बदला. पत्ता तोच का? व्हीएन्व्हमधल्या गनिकॉर्नसारख्या (जँगो चालवणारा सर्व्हर) प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. फोल्डर हलवलं की ती ओळ अस्तित्वात नसलेल्या पायथनकडे बोट दाखवते, आणि गनिकॉर्नची फाइल डोळ्यांसमोर असूनही नो सच फाइल ऑर डिरेक्टरी येतं. बेस तीच का? व्हीएन्व्हमध्ये पायथन स्वतः नसतो, बेस इमेजमधल्या पायथनकडे जाणारी सिमलिंक असते. शिवाय बिल्डर ट्रिक्सीवर आणि शेवटची स्टेज बुकवर्मवर असेल, तर नव्या जीलिबसीवर (डेबियनची मूळ सी लायब्ररी) कंपाइल झालेला कोड जुन्या जीलिबसीवर चालेलच याची खात्री नाही.

सायकोपीजी२-बायनरी घेतलं तर कंपायलरही नको आणि लिबपीक्यू५ही नको. डेव्हलपमेंटला ते ठीक आहे. प्रॉडक्शनसाठी मात्र सोर्समधून बिल्ड करा, अशीच त्या प्रोजेक्टची शिफारस आहे. बायनरी पॅकेजमध्ये लिबपीक्यू आणि ओपनएसएसएलच्या प्रती आत बांधलेल्या असतात, त्यामुळे डेबियनने ओपनएसएसएलचा सुरक्षा पॅच दिला तरी तो त्या प्रतीला लागत नाही. मल्टिस्टेज असताना सोर्समधून बिल्ड करण्याची किंमत इतकी कमी आहे की टाळायचं कारण उरत नाही.

अ‍ॅप्टने पायथन३-सायकोपीजी२ बसवून सुटका होईल असं वाटतं, पण अधिकृत पायथन इमेजमध्ये पायथन युजर-लोकलखाली असतो आणि अ‍ॅप्ट स्वतःचा वेगळा पायथन आणून त्याच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये हे पॅकेज टाकतो. तुमच्या पायथनला ते दिसत नाही, आणि आता इमेजमध्ये दोन पायथन आहेत. उलट नुसत्या डेबियन १२ वर अ‍ॅप्टचा पिप वापराल तर एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट असा एरर येतो. तो जबरदस्तीने दाबायचा पर्याय आहे, पण व्हीएन्व्ह बनवणं हा खरा उपाय.

आता अल्पाइन. त्याची बेस इमेज लहान आहे, त्यात वाद नाही. पण त्यात जीलिबसीऐवजी मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे, आणि पायपीआय या पायथन पॅकेजच्या भांडारातली मेनीलिनक्स व्हील (जीलिबसीसाठी आधीच कंपाइल केलेली पॅकेज) मसलवर चालत नाहीत. मसललिनक्स व्हीलचं प्रमाण पेप ६५६ या पायथनच्या प्रस्तावात २०२१ साली ठरलं आणि आता मोठी पॅकेज तशी व्हील देतात. पण यादीतल्या एका पॅकेजने जरी दिली नसतील, तर पिप गुपचूप सोर्स उचलतो आणि कंपाइल करत बसतो. तीस सेकंदांचं इन्स्टॉल वीस मिनिटांवर जातं ते यामुळे. माझं मत स्पष्ट आहे: पायथनसाठी स्लिम घ्या. अल्पाइनमुळे वाचणारे एमबी मल्टिस्टेजने स्लिमवरही बऱ्यापैकी वाचतात.

पिप गुपचूप कंपाइल करतो ही अडचण अल्पाइनपुरती नाही. पायथनची नवी आवृत्ती आली की काही महिने अनेक पॅकेजची व्हील तयार नसतात. म्हणून पिपला ओन्ली-बायनरी ऑल सांगा आणि नो-बायनरी पर्यायाने सायकोपीजी२ एवढा अपवाद ठेवा. व्हील नसेल तर बिल्ड पहिल्या मिनिटात, पॅकेजच्या नावासकट थांबेल. जीसीसीच्या दोनशे ओळींच्या आउटपुटमधून कारण शोधत बसावं लागणार नाही. एम-सिरीजच्या मॅकवर एएमडी६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) सर्व्हरसाठी बिल्ड करताना हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण क्यूएमूच्या इम्युलेशनमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल) कंपाइल फार सावकाश चालतं. प्लॅटफॉर्म न सांगता मॅकवर बिल्ड केलेली इमेज तशा सर्व्हरवर एक्झेक फॉरमॅट एरर देते. कंपाइल अधेमधे किल्ड म्हणून मरत असेल किंवा १३७ कोड येत असेल तर तो मेमरीचा प्रश्न आहे. बिल्ड मशीनची रॅम किंवा डॉकर डेस्कटॉपची मर्यादा वाढवा, पॅकेजला दोष देऊ नका.

यादीत एक पॅकेज वाढलं की पूर्ण लेयर नव्याने बनतो आणि पन्नास पॅकेज पुन्हा डाउनलोड होतात. त्यावर बिल्डकिटचा (डॉकरच्या नव्या बिल्ड इंजिनचा) कॅश माउंट आहे. डॉकर इंजिन २३पासून लिनक्सवर बिल्डकिट आपोआप चालू असतं. रन ओळीला माउंट पर्याय द्यायचा, टाइप कॅश, टार्गेट रूटच्या होममधलं डॉट-कॅश-पिप. ते फोल्डर बिल्डच्या वेळी जोडलं जातं, इमेजमध्ये जात नाही, आणि पुढच्या बिल्डला तसंच मिळतं. मग पिपचा नो-कॅश-डिर पर्याय काढा, दोन्ही एकत्र ठेवले तर माउंट रिकामा राहतो. कॅश माउंट नसेल तेव्हा मात्र नो-कॅश-डिर हवाच. रूट नसलेल्या युजरने पिप चालवत असाल तर माउंटला यूआयडी द्या, नाहीतर फोल्डर रूटच्या मालकीचं असतं आणि पिप एक वॉर्निंग देऊन कॅश बंद करतो. सीआयवर दर जॉबला नवं मशीन मिळत असेल तर कॅश माउंटचा फायदा नाही, कारण तो बाहेर एक्सपोर्ट होत नाही. तिथे लेयरचाच कॅश रजिस्ट्रीत ठेवा आणि मोड मॅक्स द्या. मोड न दिल्यास फक्त शेवटच्या स्टेजचे लेयर जातात आणि सगळा वेळ खाणारी बिल्डर स्टेज दरवेळी पहिल्यापासून चालते.

कंपनीच्या खाजगी पॅकेज सर्व्हरचा टोकन एआरजीने देऊ नका. डॉकर हिस्टरीत तो उघडा दिसतो. फाइल कॉपी करून पुढच्या ओळीत पुसली तरी ती खालच्या लेयरमध्ये राहते. माउंट टाइप सीक्रेट वापरा: फाइल फक्त त्या रन ओळीपुरती रन-सीक्रेट्स फोल्डरमध्ये दिसते, पिप-कॉन्फिग-फाइल हा व्हेरिएबल तिच्याकडे वळवा, काम झालं. टोकन बदलला तरी कॅश तुटत नाही, हा वर फायदा.

फ्रंटएंडसाठी नोडची (जावास्क्रिप्टची) स्टेज असेल तर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा. ते पॅकेज-लॉक फाइलप्रमाणेच बसवतं आणि पॅकेज फाइल व लॉक जुळत नसतील तर थांबतं. नोड मॉड्यूल्सचं नाव डॉकरइग्नोरमध्ये हवंच. मॅकवरचं फोल्डर इमेजमध्ये गेलं तर नेटिव्ह मॉड्यूल इनव्हॅलिड ईएलएफ हेडर देतात. डेव्हलपमेंटमध्ये डॉकर कंपोजने पूर्ण प्रोजेक्ट फोल्डर कंटेनरवर माउंट केलं की इमेजमधलं नोड मॉड्यूल्स झाकलं जातं आणि मॉड्यूल सापडत नाही असं येतं. त्या एका फोल्डरला वेगळा व्हॉल्यूम द्या. पायथनचं व्हीएन्व्ह ऑप्टखाली ठेवायचं हेही एक कारण आहे, तिथपर्यंत हा माउंट पोचत नाही.

शेवटच्या स्टेजमध्ये तपासणीची एक रन ओळ ठेवा: पिप चेक, आणि पायथनने जँगो, सायकोपीजी२ व इतर नेटिव्ह पॅकेजचं नुसतं इम्पोर्ट. पिप चेक आवृत्त्यांचा मेळ बघतो, सिस्टिम लायब्ररी बघत नाही. लिबपीक्यू५ बसवायचं राहिलं असेल तर ते इम्पोर्टलाच कळतं: लिबपीक्यू डॉट एसओ डॉट ५ उघडता येत नाही. आणखी कोणती लायब्ररी कमी आहे ते शोधायला त्या पॅकेजच्या एसओ फाइलवर (कंपाइल झालेला भाग) एलडीडी ही लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड चालवा, नॉट फाउंड लिहिलेल्या ओळी वाचा आणि त्या लायब्ररीचं डेबियन पॅकेज बसवा.

इतकं जमवल्यावर कॅश इतका चांगला लागतो की त्यातून नवी अडचण उभी राहते. अ‍ॅप्टची रन ओळ सहा महिने बदलली नाही, तर लिबपीक्यू आणि ओपनएसएसएलही सहा महिने जुने राहतात आणि मधले सुरक्षा पॅच इमेजपर्यंत येत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून एकदा आपोआप चालणारं वेगळं बिल्ड ठेवा, पुल आणि नो-कॅश हे दोन्ही पर्याय देऊन. पुलने बेस इमेज नव्याने तपासली जाते, नो-कॅशने सगळ्या रन ओळी खरोखर चालतात. बेस डायजेस्टने बांधली असेल तर पुलने काही बदलणार नाही, डायजेस्टच बदलावं लागेल. आणि नो-कॅशने कॅश माउंट रिकामे होत नाहीत. त्यात काही बिघडल्याचा संशय असेल तर डॉकर बिल्डर प्रूनला टाइप एक्झेक-डॉट-कॅशमाउंट असा फिल्टर देऊन ते वेगळे साफ करा.